शिगेचं माप

खाडीच्या काठाला एक गाव होतं आणि त्या गावात एक मापारी होता. आता मापारी काय, गावोगाव असतात. पण हा मापारी रोज एकटा जेवायचा, आणि आपली गोष्ट तिथूनच सुरू होते.

मापाऱ्याचं काम सोपं. खळ्यावर भाताची रास पडली की पायली घेऊन बसायचं आणि मोजायचं. पहिल्या पायलीला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन, चार. मोजताना खाली अंथरलेल्या चादरीवर जे दाणे सांडतील ते मापाऱ्याचे. तीच त्याची मिळकत.

काम सोपं, पण त्याला एक जाच होता. वाडवडिलांनी नियम घालून ठेवला होता की मापाऱ्यानं गावात कुणाच्याही घरी जेवायचं नाही. ज्याच्या घरचं जेवेल त्याच्याकडे हात झुकेल, म्हणून. बारसं असो, लग्न असो, पंगत बसली की मापारी मांडवाच्या बाहेरूनच हात जोडायचा आणि घरी येऊन आपला भात आणि कुळथाचं पिठलं शिजवायचा. बायको होती तोवर ठीक होतं. ती गेली, मूलबाळ नव्हतं, मग घरात पातेल्याच्या झाकणाचा तेवढा आवाज. लोक त्याला मान द्यायचे, वाट सोडून बाजूला व्हायचे. पण ये, बस, दोन घास खा, असं म्हणायला मात्र कुणी धजत नसे. फार एकटा माणूस होता हो तो.

त्या गावाला वेस होती. बाहेरून येणाऱ्यानं वेशीतून यायचं, पाटलाला नाव सांगायचं, मग गाव त्याला जागा देई, पाणी देई. एका दुष्काळात मात्र पाटलानं वेशीचं दार लावून घेतलं. म्हणाला, आहोत तेवढे पुरे, आता नवीन नाव घेणार नाही. पुढे पाऊस चांगला झाला, कोठारं भरली, पण दार उघडायचं काही कुणाला सुचलं नाही.

माणसं यायची काय थांबतात? खाडीपलीकडे एक बेट होतं, त्याची जमीन दर वर्षी थोडी थोडी समुद्रात जात होती. तिथली माणसं मोठ्या ओहोटीला चिखल तुडवत, तिवरांच्या झाडीतून अलीकडे आली आणि खाडीचं पाणी अडवणाऱ्या जुन्या बांधावर झोपड्या घालून राहिली. वेशीतून आली नाहीत, नाव सांगितलं नाही, म्हणजे नियमानं ती गावात नव्हतीच. पण वरच्या आळीचे जमीनदार त्यांना शेतावर बोलवायचे, गावच्या मजुराला देतात त्याच्या निम्मं भात त्यांच्या पदरात घालायचे आणि कुणी विचारलं तर आभाळाकडे बघायचे. हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं आणि अख्खं गाव मूग गिळून बसलं होतं.

एकदा हंगामाच्या आधी मापारी आपली पायली खाडीवर घासायला घेऊन गेला. राख लावता लावता पायली हातातून निसटली आणि बांधावरून घरंगळत चिखलात गेली. तिथे एक म्हातारी तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचत होती. तिनं पायली उचलली, स्वच्छ धुतली, पदरानं पुसली आणि त्याच्या हातात दिली. मग म्हणाली, पेज झालीये, खाऊन जा.

मापाऱ्यानं हात जोडले. म्हणाला, "मावशी, मला गावात कुणाकडे जेवायची मनाई आहे."

"गावात ना?" म्हातारी म्हणाली. "आम्हाला कुठे कोण गावात धरतंय? बसा तुम्ही."

यावर काय बोलणार! मापारी बसला. म्हातारीनं मातीच्या परळात गरम पेज ओतली, वर तिसऱ्यांचं कालवण घातलं. म्हातारीचा मुलगा आणि सून शेजारी बसून जेवत होते, ओहोटीच्या वेळा आणि झोपडीला लागणाऱ्या झावळ्या असलं काहीबाही बोलत होते. कुणी त्याला मुद्दाम काही विचारलं नाही, कुणी उठून बाजूला झालं नाही. मापारी घास घेत होता आणि त्याचे डोळे सारखे भरून येत होते. कालवण तिखट आहे, एवढंच तो म्हणाला.

त्या दिवसापासून मापारी संध्याकाळी बांधावर जाऊ लागला. म्हातारी त्याला दादा म्हणायची. त्याच्यासाठी तो परळ वेगळा ठेवलेला असायचा. दिवसभर काहीही होवो, संध्याकाळी कुणीतरी आपली वाट बघतंय, हे सुख त्याला किती वर्षांनी मिळालं होतं!

आता गावाचंही ऐका, कारण गाव काही उगाच कुरकुरत नव्हतं. उन्हाळ्यात विहीर लवकर तळाला गेली. आणि खालच्या आळीत भातलावणी करणारी एक बाई होती, दोन लेकरांची विधवा. तिला वरच्या आळीचे जमीनदार म्हणू लागले की बांधावरची माणसं निम्म्यात येतात, तुला यायचं तर तूही निम्म्यात ये. ती बिचारी निम्म्यात गेली. करते काय? चूल तर पेटायला हवी. तिच्यासारख्या आणखी चार जणी. खालच्या आळीतली ही धुसफूस शेवटी चावडीवर आली.

जमीनदार म्हणाले, राहू द्या, राबतात बिचारे. खालची आळी म्हणाली, हाकला, आमच्या तोंडचा घास काढतात. बोलाचाली वाढल्या. पाटलाला भांडण नको असे, त्याला सगळं मापून हवं असे. त्यानं हात वर केला आणि निवाडा सांगितला. बांधाखालची पडीक खाचरं या लोकांनी लावली आहेत, त्यांचं भात गावच्या कोठारात यायचंय. ते त्यांचं देणं. मजुरीचं भात, विहिरीचं पाणी, रानातला जळाऊ लाकूडफाटा, वैद्याची औषधं, या सगळ्याचं पंचांनी भातात मोल करायचं. ते त्यांचं खाणं. मापाऱ्यानं दोन्ही मापायचं. देणं जास्त भरलं तर राहतील, खाणं जास्त भरलं तर पुढच्या मोठ्या ओहोटीला आल्या वाटेनं जातील.

सगळ्यांना पटलं. तेवढ्यात एक जमीनदार हसत हसत म्हणाला, "मापारी तर हल्ली तिकडेच जेवतो म्हणे."

चावडीवर खसखस पिकली. कुणी रागानं नाही, गमतीनंच हसले. पण मापाऱ्याचा चेहरा उतरला. सात पिढ्यांत कुणी त्याच्या घराण्याच्या मापावर बोट ठेवलं नव्हतं. त्या संध्याकाळी तो बांधावर गेला नाही. दुसऱ्या दिवशीही गेला नाही. घरी पिठलं शिजवलं, ते तसंच ठेवून निजला.

आता इथे एक रीत सांगायला हवी, तिच्यावरच सगळं अडलंय. गावातल्या गावात माप काठोकाठ भरायचं, घेतानाही आणि देतानाही. पण परक्याशी व्यवहार असेल तर तसं नाही. परक्याकडून घेताना पायलीवर शीग चढवायची, म्हणजे काठाच्या वर दाण्यांचा डोंगर करायचा, आणि तरी तिला एकच पायली म्हणायचं. परक्याला देताना तळहात दाबून फिरवायचा, दाणा काठाच्या खाली बसेल असा, आणि तिलाही एक पायली म्हणायचं. कधी काळी एका लबाड व्यापाऱ्यानं गावाला फसवलं होतं, तेव्हापासून ही रीत पडली. व्यापारी कधीच मरून गेला, रीत राहिली. त्यात कुणाला काही गैर वाटत नसे, कारण ते माप कधी गावकऱ्याच्या वाट्याला आलंच नव्हतं.

मग बांधावरच्या माणसांना कोणतं माप लावायचं? पाटील काही बोलला नाही. त्याच्या ते ध्यानातच आलं नाही. ते मापाऱ्याच्या हातात होतं.

माप सुरू व्हायच्या सकाळी म्हातारी खळ्यावर भात घेऊन आली. मापाऱ्यानं मान वर केली नाही. चादर अंथरली, पायली मांडली. म्हातारी त्याच्या अगदी जवळ उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "दादा, जास्तीचं काही नको. गावाला मापता तसं आम्हाला मापा."

मापाऱ्यानं ऐकलं. चांगलं ऐकलं. मागे तो हसणारा जमीनदार दात कोरत उभा होता. मापाऱ्याला वाटलं, काठोकाठ मापलं तर उद्या हाच म्हणेल, बघा, पेजेला जागला. त्यानं पायली रासेत खुपसली आणि वर शीग चढवली. अशी चढवली की आणखी एक दाणा राहू नये. "लाभ," तो म्हणाला. म्हातारी खळ्याच्या कडेला जाऊन बसली आणि शेवटपर्यंत बघत राहिली.

देणं शिगेनं मोजलं गेलं, खाणं तळहात दाबून. जमीनदारांच्या खळ्यांत या लोकांच्या घामानं काय वाढलं होतं, ते मोजायला तर कुणी बोलावलंच नाही. हंगाम संपला तेव्हा मापाऱ्यानं चावडीवर उभं राहून सांगितलं की खाणं जास्त भरलं. फार नाही, थोडंसंच, पण जास्त.

झालं! निकाल लागला. जमीनदारांना थोडं वाईट वाटलं, पण भांडायला कोण पुढे होतंय? खालच्या आळीतली ती लावणी करणारी बाई उठून उभी राहिली. तिनं विचारलं, माझी निम्मी मजुरी गेली ती या मापात कुठे आहे? पाटील म्हणाला, मजुरी पायलीत मावत नाही, हे माप कोठाराचं आहे. "मग हे जाणार म्हणून मी हसू का रडू, तेवढं तरी सांगा," असं म्हणून ती खाली बसली.

मोठ्या ओहोटीला बांधावरची माणसं गेली. मापारी दारात उभा राहून बघत होता. लांब चिखलात ठिपके हलत होते, डोक्यावर गाठोडी होती, मग तिवरांत दिसेनासे झाले. त्यानं ठरवलं होतं की जायचं नाही, पण संध्याकाळ झाली तशी पावलं आपोआप बांधाकडे वळली. झोपडीच्या जागी चार खुंट होते. चुलीच्या दगडावर त्याचा परळ घासूनपुसून पालथा घालून ठेवला होता. मापारी तिथेच मटकन बसला आणि पोटभर रडला. मग परळ उचलून घरी आला.

पुढे काय झालं ते खरं खरं सांगतो. खालच्या आळीची मजुरी पुन्हा पूर्ण झाली. त्या बाईच्या लेकरांच्या अंगावर उन्हाळ्यात धड कपडे आले. विहिरीचं पाणीही पूर्वीपेक्षा थोडं जास्त टिकलं. जे बरं झालं त्याला बरंच म्हणायला हवं.

पण बांध दर वर्षी चिखल थापून बुजवावा लागतो. ते काम आजवर बांधावरची माणसं निम्म्यात करत होती. पूर्ण मजुरी द्यायची म्हटल्यावर जमीनदारांनी हात आखडला. म्हणाले, यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी बघू. श्रावणातल्या उधाणाला पुढचं वर्ष कुठून कळणार? बांधाला खांड पडली आणि खारं पाणी खाचरांत शिरलं. पडीक होती ती पुन्हा पडीक झाली, चांगली होती त्यातलीही बरीच गेली. लावणी केलेली रोपं पिवळी पडली. त्या बाईची मजुरी पूर्ण होती, पण आता कापणीला बोलावणार तरी कुठल्या शेतात?

मग गावाला धास्ती पडली. पाटलानं कोठारातलं भात जपून वाटायला सुरुवात केली. मापाऱ्याच्या आकड्यानं ते भाद्रपदात संपायला हवं होतं. भाद्रपद सरला, तरी मापारी कोठारात उतरला तेव्हा भात गुडघ्याएवढं होतं. त्यानं हातानं चाचपलं. खरंच होतं. वरून पाटील विचारत होता, संपलं का रे? कोठाराच्या त्या अंधारात, त्या दाण्यांवर बसून त्याला सगळं कळलं. जे मोजलंच नव्हतं ते हे भात होतं. त्यानं चढवलेली शीग होती ती.

पाटील खूश झाला. म्हणाला, देवाची कृपा. गावानं नारळ फोडला. मापाऱ्याला गप्प बसता आलं असतं, बरं का. त्याच्या स्वतःच्या घरातली कणगीही त्या वर्षी काठापर्यंत भरली होती, कारण शीग चढवताना सांडतं खूप आणि सांडलेलं सगळं त्याच्याच चादरीवर. त्या भातावर वर्षभर सुखानं जगला असता. पण संध्याकाळी त्यानं भात शिजवला, परळात वाढून घेतला आणि त्याला घास गिळवेना.

दुसऱ्या दिवशी त्यानं कणगीतलं भात पोत्यात भरलं, पाठीवर घातलं आणि चावडीवर आणून ओतलं. गाव जमलं. त्यानं पायली घेतली. शीग चढवून दाखवली, तळहात दाबून दाखवली आणि काठोकाठ भरून दाखवली. तीन वेळा मापलं, तीन ढिगारे झाले आणि कुठलाच दुसऱ्याएवढा नव्हता. मग म्हणाला, देवाची कृपा नव्हे, हे त्या माणसांचं भात आहे. गावाच्या मापानं मोजलं असतं तर त्यांचं देणं खाण्यापेक्षा जास्त भरलं असतं. फार नाही, थोडंसंच, पण जास्त.

पाटलाचा चेहरा काळवंडला. त्यानं विचारलं, हे तेव्हा का नाही बोललास?

"मी त्यांच्याकडे जेवत होतो," मापारी म्हणाला. "तुम्ही म्हणाल, याचा हात झुकतो. त्या भीतीनं मी तो उलट्या बाजूला झुकवला. झुकला तो झुकलाच."

मग ती लावणी करणारी बाई उठली आणि म्हणाली, "त्यांनी जास्त दिलं म्हणता, बरं आहे. पण ते जास्तीचं गेलं कुणाच्या घरात? माझ्या तर नाही आलं."

जमीनदार खाली बघू लागले. कारण तिचं खरं होतं. लाभ कोठारात होता, वरच्या आळीच्या खळ्यांत होता, मापाऱ्याच्या चादरीवर होता. तोटा तेवढा खालच्या आळीच्या टोपलीत होता. सगळ्याची एकच बेरीज करून कुणी हाकला म्हणत होतं आणि कुणी ठेवा. आणि ज्यांना ठेवा म्हणायचं होतं त्यांनाही ती माणसं वेशीबाहेरचीच हवी होती, कारण नाव लागलं असतं तर मजुरीही पूर्ण लागली असती.

त्या दिवशी गावानं रीत मोडली. ठरलं की माप एकच, काठोकाठ, आपल्याला आणि परक्याला. वेस उघडायची. येणाऱ्यानं वेशीतून यावं, नाव सांगावं आणि गावानं आपल्याला किती झेपतील ते मोकळेपणानं बोलून ठरवावं. कामाला लावलं तर मजुरी पूर्ण द्यायची, म्हणजे कुणाचा घास कुणाच्या पानातून जाणार नाही. ज्याच्या खळ्यात जास्तीचं पडेल त्यानं विहीर खोल करायला आणि बांध बुजवायला द्यायचं. जमीनदार कुरकुरले, पण कबूल झाले.

वेशीचं दार उघडलं तेव्हा बिजागऱ्या इतक्या गंजल्या होत्या की चार माणसं लागली. पुढे त्या दारातून दुसरी कुणी कुणी आली. त्यांची नावं लागली, काही राहिली, काहींना गावानं झेपत नाही म्हणून हात जोडून परत पाठवलं. बांध हळूहळू उभा राहिला. लावणीवाल्या बाईला पूर्ण मजुरी मिळाली आणि लावायला शेतंही मिळाली. मापाऱ्यावरची जेवायची बंदीही गावानं उठवली. आता लोक त्याला पंगतीला बोलावतात, आग्रहानं वाढतात, तोही दोन घास खाऊन येतो.

पण ती म्हातारी काही आली नाही. त्या बेटावर आता फक्त पाणी दिसतं. ती माणसं कुठल्या किनाऱ्याला लागली, लागली की नाही, कुणाला ठाऊक नाही. मोठी ओहोटी असली की मापारी पेज घेऊन जुन्या बांधावर जातो. चुलीच्या दगडापाशी बसतो, ती त्या परळात ओतून तिवरांकडे बघत पितो. भरती पायाशी आली की उठतो, परळ धुतो, पालथा घालून तिथेच ठेवतो आणि घरी येतो.

तात्पर्य काय, तर आलेल्यांनी किती दिलं आणि किती खाल्लं हे जरूर मोजावं, पण माप सगळ्यांना एकच असावं, लाभ कुणाच्या अंगणात पडला आणि तोटा कुणाच्या, तेही बघावं. आणि लोक काय म्हणतील या भीतीनं झुकलेला हात हाही झुकलेलाच हात असतो.